वनटीन का नाही?

दर्यापूरकर सरांच्या घरात 'इलेव्हन' हा शब्द सहज म्हणता येत नाही. म्हटला की सर हातातलं काम खाली ठेवतात, चष्मा कपाळावर चढवतात आणि विचारतात, "वनटीन का नाही?"

मग अर्धा तास गेला समजायचं.

मी अमरावतीला बी.ए. करायला आले तेव्हा माझे बाबा मला घेऊन सरांकडे खोली बघायला गेले होते. आमचं गाव नांदगाव खंडेश्वरजवळ. थोडी ज्वारी, तूर आणि भाजीपाला. आमच्या घरातून कॉलेजात जाणारी मी पहिलीच, त्यामुळे बाबांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता आणि पिशवीत वांगी आणली होती. सरांनी आमचं नाव, गाव, जेवणखाण काहीच विचारलं नाही. म्हणाले, "थर्टीन, फोर्टीन, फिफ्टीन. सगळे टीन. मग इलेव्हन आणि ट्वेल्व्ह का नाही? वनटीन, टूटीन का नाही?"

मला घाम फुटला. खोलीसाठी प्रवेश परीक्षा असते हे कोणी सांगितलं नव्हतं. मी खरं तेच सांगितलं, "सर, मला कोणी सांगितलं नाही."

"उत्तम," सर म्हणाले. "ज्यांना आधीच कोणी सांगितलेलं असतं ते भाडेकरू मला चालत नाहीत."

आणि त्यांनी सांगितलं. फार जुन्या काळी इंग्रजांचे पूर्वज बोटांवर मोजायचे. दहा बोटं संपली की पुढच्याला नावच नव्हतं. मग ते म्हणायचे, दहा मोजून झाले, एक उरला. त्या 'एक उरला'चं झिजत झिजत इलेव्हन झालं. 'दोन उरले'चं ट्वेल्व्ह.

बाबांनी हे सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, "काहून जी, त्याइले पायाची बोटं नव्हती का?"

सरांचा चेहरा उजळला. "होती हो. पण थंडी किती तिकडे! बूट घालून बसत असतील."

"हाओ, हे पटलं," बाबा म्हणाले. खोली ठरली.

माझ्या आधी त्या खोलीत दहा भाडेकरू राहून गेले होते. सरांनी तिथेच दाराशी माझं नामकरण केलं: इलेव्हन. आज दोन वर्षं झाली, माझं खरं नाव त्यांना आठवत असेल की नाही याची मला शंका आहे. एकदा माझी मैत्रीण मला शोधत आली तर सर म्हणाले, "तशी कोणी इथे राहत नाही." मी आतून ओरडले तेव्हा म्हणाले, "अच्छा, इलेव्हन होय!"

आम्ही निघताना त्यांनी अटी सांगितल्या. पाणी सकाळी भरायचं. गच्चीवर कपडे आपल्या दोरीवर घालायचे. आणि रविवारी घराकडे लक्ष ठेवायचं, कारण रविवारी ते अकोल्याला जातात. "आमच्या हिला परत आणायचंय," ते म्हणाले, आणि दार लावून घेतलं.

काकू अकोल्याला जुन्या शहरात लेकीकडे होत्या, एवढं पहिल्याच आठवड्यात कळलं. का होत्या याच्या मात्र गल्लीत तीन-चार गोष्टी होत्या. समोरच्या वऱ्हाडपांडे आजी म्हणाल्या, "कंटाळून गेली असेल बाई. सकाळी चहा मागायचा तर 'टू कप' म्हणायचा, आन् मंग दोनच्या खानदानाची माहिती द्यायची. कोन सहन करंल?"

मला ते खोटं वाटलं नाही.

सर शाळेत इंग्रजी शिकवायचे. निवृत्त झाल्यावर लोक पोथी वाचतात, सकाळी फिरायला जातात. सरांनी आकडे धरले. त्यांच्याकडे एक लांब वही आहे. तिच्यात प्रत्येक इंग्रजी आकड्याला स्वतंत्र पान. तो आकडा कुठून आला, वाटेत कोणाकडे मुक्कामाला होता, सगळं निळ्या शाईत. एखाद्या घराण्याची वंशावळ ठेवावी तशी.

वहीत राहिलं असतं तर हरकत नव्हती. पण सर बाजारात जातात. एकदा मी त्यांच्याबरोबर होते. त्यांनी केळीवाल्याला डझनभर केळी मागितली, आणि तो घड तोडेपर्यंत त्याला सांगितलं की डझन हा शब्द इंग्रजांचा नव्हेच, तो फ्रान्समधून आला.

केळीवाला म्हणाला, "सर, शब्द कुठचाबी असो, केळी जळगावची हायेत. घ्या बिनधास्त."

दुसऱ्या वेळी बाबा मला भेटायला आले तेव्हा सरांनी त्यांना शंभराचं सांगितलं. जुन्या काळात इंग्रजांचा हंड्रेड कधी शंभराचा असायचा तर कधी एकशेवीसचा.

"म्हंजे घेताना एकशेवीस आन् देताना शंभर," बाबा म्हणाले. "आमच्याकडच्या संत्र्याच्या व्यापाऱ्याचे पूर्वज दिसून राहिले."

सरांनी हे वाक्य वहीत लिहून घेतलं. खाली बाबांचं नाव आणि गावसुद्धा. बाबा अजून गावात सांगतात की माझं नाव इंग्रजीच्या पुस्तकात आहे.

थाउजंडचा मूळ अर्थ म्हणे 'सुजलेला शंभर'. हे कळल्यापासून सरांच्या तोंडी सूज हा शब्द राहिला नाही. पावसाळ्यात त्यांचा गुडघा थाउजंड होतो. मागच्या वर्षी अक्कलदाढेनं माझा गाल सुजला तेव्हा ते दारातूनच म्हणाले, "अरे, पूर्ण थाउजंड. डॉक्टरकडे जा." डॉक्टरांना काय होतंय ते सांगताना माझ्या तोंडून तोच शब्द गेला. डॉक्टरांनी मला ताप आहे का ते आधी बघितलं.

सगळ्यात जास्त हाल कुरियरवाल्याचे झाले. तो दारात उभा, त्याला ओटीपी हवा होता. सर मोबाईल लांब धरून वाचत होते.

"वन," सर म्हणाले, आणि थांबले. "आता मला सांगा, लिहिताना पहिलं अक्षर ओ. मग बोलताना हा 'व' कुठून आला?"

"सर, पुढचा आकडा सांगा."

"शहरातले शहाणे लोक 'ओन' असंच काहीतरी म्हणायचे. 'ओन्ली'मध्ये बघा, अजून तसंच आहे. पण तिकडे पश्चिमेच्या खेड्यांतले लोक त्याला 'वन' म्हणायला लागले. शहरातले हसले असतील आधी. अडाणी म्हणाले असतील. आणि शेवटी? आज सगळं जग खेड्यातल्यांचं वन म्हणतं. राणीसुद्धा तेच म्हणायची."

"राणीले ओटीपी येत नव्हता सर. मले अजून चाळीस घरं हायेत."

"फॉर्टी!" सर खुश झाले. तोपर्यंत ओटीपीची मुदत संपली.

मी हे हसण्यावारी लिहिते आहे खरी, पण मला स्वतःला या आकड्यांचा फार उपयोग झाला. मी इंग्रजी घाबरत घाबरत घेतलं होतं. वर्गात शहरातल्या मुली फाडफाड बोलायच्या आणि मी मनात वाक्य जुळवेपर्यंत तास संपायचा. सरांमुळे मला पहिल्यांदा कळलं की ही भाषासुद्धा कधीतरी बोटांवर मोजत होती, तिलाही दहाच्या पुढे नाव सुचत नव्हतं. तेव्हापासून तिची भीती थोडी कमी झाली. हे मी सरांना कधी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर 'थोडी' हा आकडा आहे का यावर चर्चा झाली असती.

दर रविवारी सर सकाळच्या एसटीनं जायचे. काखेत लांब वही, हातात वऱ्हाडपांडे आजींनी दिलेलं काहीतरी डब्यात. संध्याकाळी परत यायचे ते एकटेच. मी विचारायचे, "सर, काकू?"

"या वेळी नापास," सर म्हणायचे. "पुढच्या वेळी."

मला ते भांडणाबद्दल बोलताहेत असंच वाटायचं. नवरा-बायकोच्या भांडणात कोण पास, कोण नापास, हे विचारायची माझी हिंमत नव्हती.

मग एका शनिवारी त्यांनी मला बोलावलं. त्यांच्यासमोर वही उघडी होती, पान पहिलं, वन. म्हणाले, "इलेव्हन, उद्या तू माझ्याबरोबर चल. मला तटस्थ परीक्षक पाहिजे."

तेव्हा मला खरी गोष्ट कळली. काकूंना लकवा मारला होता, आणि सरांनी ते गल्लीत कोणाला कळू दिलं नव्हतं. उजवा हात गेला आणि बोलणं गेलं. लेकीनं, मंजूताईंनी, त्यांना अकोल्याला नेलं. चालणं हळूहळू सुधारलं, बोलणं मात्र नाही. काकू अमरावतीच्या दिशेनं बोट दाखवायच्या आणि रडायच्या. सर म्हणायचे घेऊन जातो. मंजूताई म्हणायच्या, "बाबा, तुम्ही दोघंच. तुम्ही बाहेर गेलात आणि तिला काही झालं तर? शेजारी फोन लावता येईल, गोळी कितवी ते सांगता येईल, एवढं तरी नको का? तिनं दहापर्यंत नीट मोजून दाखवलं ना, की त्या दिवशी घेऊन जा."

ताई वैतागून बोलल्या असतील. पण सर बत्तीस वर्षं मास्तर होते. त्यांनी अभ्यासक्रम ठरवला.

"दोन वर्षं होत आली," सर म्हणाले. "एकावरच गाडी अडते. म्हणून मी तिला आकड्यांच्या गोष्टी सांगतो. दर रविवारी नवीन. गोडी लागली तर बोलेल. मंजू म्हणते मी मध्ये मध्ये सांगतो, म्हणून निकाल खरा धरता येत नाही. तू कोणाच्याच बाजूची नाहीस."

म्हणजे तो केळीवाला, तो कुरियरवाला, माझे बाबा आणि मी, ही सगळी सरावाची मुलं होती. विद्यार्थी एकच होता, अकोल्याला.

अकोल्यात मोर्णा नदीवरचा पूल ओलांडून रिक्षा गल्लीत शिरली. मंजूताईंचं घर दुसऱ्या मजल्यावर. मी आल्याचं बघून त्यांनी मला आत घेतलं आणि हळूच म्हणाल्या, "तुलेही आणलं का? या माणसाचं काय करावं मले समजत नाही. डॉक्टर म्हणतात हळूहळू येईल. बोलायला शिकवणाऱ्या बाई येतात, त्यांच्यासमोर ती तोंडच उघडत नाही. बाबांसमोर उघडते, तर रागावूनच मिटते."

काकू खिडकीशी खुर्चीत बसल्या होत्या. गोऱ्या, बारीक, केस घट्ट बांधलेले. सरांना बघून त्यांनी डाव्या हातानं पदर नीट केला. सर समोर खुर्ची ओढून बसले आणि लगेच सुरू झाले. तब्येत विचारली नाही, जेवलीस का म्हणाले नाहीत.

"कुमुद, ही इलेव्हन. परीक्षक आहे. घाबरायचं नाही. हं, म्हण. एकापासून."

काकूंनी माझ्याकडे बघितलं. ओठ हलले. मग अगदी स्पष्ट म्हणाल्या, "लाभ."

"नाही," सर म्हणाले. "पुन्हा. एक. म्हण, एक."

"लाभ."

"नाही, कुमुद. पहिलंच चुकतंय. एक."

"लाभ," काकू म्हणाल्या, जरा मोठ्यानं, आणि मान भिंतीकडे वळवली.

सर माझ्याकडे वळून म्हणाले, "बघ. दोन वर्षं हेच. एक सोडून भलताच शब्द. डॉक्टर म्हणाले होते, शब्दांची अदलाबदल होते."

 सरांना चूक म्हणणं मला जमण्यासारखं नव्हतं. मी उठून मंजूताईंना विचारलं, "ताई, तुरीच्या डाळीचा डबा कुठं आहे?"

त्यांना वाटलं मला भूक लागली. तरी त्यांनी डबा दिला. मी जमिनीवर वर्तमानपत्र पसरलं, त्यावर डबा ठेवला, आणि एक वाटी घेऊन काकूंच्या डाव्या हातात दिली. त्यांना धरून खाली बसवलं. त्यांनी वाटीकडे बघितलं, डब्याकडे बघितलं. मग वाटी डाळीत घातली, काठोकाठ भरली आणि कागदावर ओतली.

"लाभ."

"एक," सर खुर्चीतून म्हणाले.

"सर, त्यांना थांबवू नका," मी म्हणाले. दोन वर्षांत मी त्यांना पहिल्यांदाच अडवलं होतं. 

काकूंनी दुसरी वाटी भरली. "दोन."

 डाळ ओतल्याचा आवाज तेवढा येत होता. "तीन." थोडी डाळ बाहेर सांडायची. "च्यार." पाचला त्या जरा थांबल्या, श्वास घेतला. सातला मंजूताई दारातून आत येऊन आईशेजारी बसल्या. नऊ. दहा.

मी सांगितलं, जमेल तसं. आमच्याकडे खळ्यावर बाबा धान्य मोजतात तेव्हा पहिल्या मापाला एक म्हणत नाहीत. लाभ म्हणतात. मोजणीची सुरुवात चांगल्या शब्दानं करायची, धान्याला बरकत येते. मग दोन, तीन. माझी आजी अजून तांदूळसुद्धा तसेच मोजते. मी हे सरांकडे न बघता सांगितलं, डाळीकडे बघत.

काकूंचं माहेर भातकुलीकडचं, शेतीवाल्यांचं. सर शहरातले, तीन पिढ्या शाळा आणि कचेरी. त्यांनी खळं लांबून बघितलं असेल तेवढंच.

सर खुर्चीतून पुढे वाकले. मग म्हणाले, "लग्नाच्या पहिल्या वर्षी ही एकदा असंच म्हणाली होती. तांदूळ मोजत होती. शाळेतले दोघं चहाला आले होते. मी म्हटलं, एकाला एक म्हणत जा, लोक हसतात." त्यांनी चष्मा काढून हातात धरला. "हसलं कोणीच नव्हतं. मीच हसलो होतो. त्यानंतर हिनं कधी तसं म्हटलं नाही. मी विसरलो."

काकूंनी वाटी खाली ठेवली होती. कागदावरची डाळ त्या डाव्या हातानं गोळा करत होत्या, एकेक दाणा. सर खुर्चीतून उतरून खाली बसले. त्यांच्या गुडघ्यानं बसताना आवाज केला. तेही डाळ गोळा करायला लागले.

परतीच्या एसटीत कंडक्टर मागच्या बाईंना सांगत होता, "अकरा रुपये सुटे द्या." मी सरांकडे बघितलं. ते खिडकीबाहेर बघत होते. मूर्तिजापूर गेलं तेव्हा त्यांनी विचारलं, "त्या कुरियरवाल्याला मी काय सांगत होतो गं?"

"खेड्यातल्यांच्या वनबद्दल, सर."

"हं," सर म्हणाले. बडनेरा येईपर्यंत पुढे काही बोलले नाहीत. एवढा वेळ त्यांना गप्प मी कधीच पाहिलं नव्हतं, आणि मला ते आवडलं नाही.

काकूंना येऊन आता चार महिने झाले. मंजूताई महिन्यातून दोनदा येतात, वऱ्हाडपांडे आजी रोज येतात आणि काकू कंटाळून गेल्याची गोष्ट आपण कधी सांगितलीच नव्हती असं दाखवतात. बाबांनी पायलीभर तूर पाठवली. सरांनी वहीचं पहिलं पान फाडलं नाही, पण त्याच्या आधी एक वेगळा कागद चिकटवला आहे. त्यावर काय लिहिलंय ते मी बघितलेलं नाही.

सकाळी मी अभ्यासाला बसते तेव्हा खिडकीतून अंगण दिसतं. सर काकूंना हात धरून चालवतात. डॉक्टरांनी रोज पावलं मोजून चालायला सांगितलंय. पहिलं पाऊल पडलं की सर म्हणतात, "लाभ." आणि थांबतात. काकू म्हणतात, "दोन." असं तुळशीपर्यंत जातं.

दहा झाले की मात्र सरांना राहवत नाही. ते पाऊल अडवून उभे राहतात आणि चष्मा कपाळावर चढवतात. "कुमुद, इथे त्यांची पंचाईत झाली होती. दहा बोटं संपली, आणि पुढे..."

"अकरा," काकू म्हणतात, आणि त्यांना ओढत पुढे नेतात.